अझ्यूम सुटेबल डेटा : लंडन ते मुंबई किती तास?

मित्रांनो, आपल्या प्रत्येक पेपरवर वरच्या सूचनांमध्ये एक ओळ छापलेली असते : ‘अझ्यूम सुटेबल डेटा, इफ नेसेसरी.’ आपण ती वाचतो, खूश होतो आणि जे दिलेलं नाही ते मनानं धरून उत्तर काढून मोकळे होतो. काय धरलं ते लिहायला विसरलो तर सर एखादा मार्क कापतात, बस्स. या जानेवारीत मी असंच एक गणित घराच्या सोप्यात बसून तोंडी सोडवलं. मार्क मात्र माझे कापले गेले नाहीत, माझ्या मोठ्या काकांचे कापले गेले.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्यापासून आत. मी सुट्टीला घरी होतो. आजोबा दुपारी चारच्या सुमारास गेले. मोठे काका बरीच वर्षं लंडनला असतात. थोरला मुलगा म्हणून अग्नी त्यांनीच द्यायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. संध्याकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. रेंज धड नव्हती. “रात्री साडेनऊच्या विमानात जागा मिळालीय, मुंबईतनं गाडी करून येतो,” एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला.

सोप्यात सगळी भावकी बसलेली. वडिलांचे चुलते, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, माझ्याकडं बघून म्हणाले, “इंजिनेर, तू सांग. किती वाजता पोचंल त्यो?”

आता अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणणारा इंजिनियर कुणी पाहिलाय? लंडन-मुंबई अंतर सात हजार दोनशे किलोमीटर, हे मला पाठ होतं. विमानाचा वेग ताशी नऊशे. भागाकार आठ. साडेनऊ अधिक आठ म्हणजे पहाटे साडेपाच. पुढं रस्त्यानं सहा तास. मी म्हणालो, “साडेअकरापर्यंत येतात, तात्या. बाराचं धरा.”

तात्यांनी पाहुण्यांना फोन लावले : उद्या बाराला. कुणीतरी विट्याहून बर्फाची पेटी आणायची का विचारलं. थंडीचे दिवस, बारापर्यंतच तर ठेवायचंय, कशाला? म्हणून ती राहिली. काकांना उतरायची वेळ कुणी पुन्हा विचारलीच नाही. घरात इंजिनियर असताना विचारायची कशाला!

दुसऱ्या दिवशी अकरापासून अंगण माणसांनी भरलं. काकांचा फोन लागेना. मी म्हणालो, विमान लेट असेल. बारा वाजता त्यांचा फोन आला, “आत्ता उतरलोय.” विट्यापर्यंत अजून साडेतीनशे किलोमीटर बाकी होते. दुपारभर थोरली माणसं बसून बोलत होती. पाहुणे लांबलांबून आलेले, चूल पेटलेली नाही, आजोबांना ठेवून वीस तास उलटून गेलेले आणि दिवस मावळायच्या आत उरकायला हवं. शेवटी साडेपाचला वडिलांनी अग्नी दिला. सव्वाआठला काकांची गाडी आली. ते घरात न शिरता तसेच ओढ्याकडं गेले.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर काका माझ्याजवळ बसले. खिशातनं तिकिटाचा कागद काढला आणि म्हणाले, “ह्यात तुझं आठ कुठं दिसतंय का बघ.” आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. काका एका गोदामात हिशेब बघतात, इंजिनियर नाहीत.

हॉस्टेलला परत आल्यावर दोन रात्री वाचनालयातला पृथ्वीगोल, कॅल्क्युलेटर आणि तो कागद घेऊन बसलो. हा लेख म्हणजे त्या दोन रात्रींची जर्नल समजा. माझ्या ‘आठ’ मध्ये मी न सांगता काय काय धरलं होतं, ते एकेक करून बघू.

१. अंतर : कागदावरचं आणि गोलावरचं

आधी अंतर तरी बरोबर होतं का, ते तपासलं. मुंबई विमानतळाचा अक्षांश 19.09 उत्तर, रेखांश 72.87 पूर्व. लंडनच्या हीथ्रोचा अक्षांश 51.47 उत्तर, रेखांश 0.45 पश्चिम. म्हणजे अक्षांशांतला फरक 32.38 अंश आणि रेखांशांतला 73.32 अंश. (एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून इथं बेरीज. इथं वजाबाकी करणारे आमच्या विंगमध्येच दोन निघाले!)

पहिला मोह पायथागोरसचा होतो. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : 80.15 अंश. एका अंशाला 111 किलोमीटर धरले की उत्तर येतं सुमारे 8,900. जवळजवळ सतराशे किलोमीटर जास्त! कारण रेखांशाचा एक अंश फक्त विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा असतो. वर जावं तसतशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात, संत्र्याच्या फोडींसारख्या, आणि अंतर अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटतं. मधला अक्षांश 35.28 धरून ही दुरुस्ती केली की उत्तर सुमारे 7,570 वर येतं. तरीही जास्तच.

गोलावरची सर्वात जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीनं गोल कापला की जे वर्तुळ मिळतं, ते बृहद्वृत्त. सूत्र असं :

कोसाइन(कंस) = साइन(अ१) × साइन(अ२) + कोसाइन(अ१) × कोसाइन(अ२) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

अ१ आणि अ२ म्हणजे दोन शहरांचे अक्षांश. आकडे घालू :

पहिलं पद : 0.3271 × 0.7823 = 0.2558
दुसरं पद : 0.9450 × 0.6229 × 0.2870 = 0.1690
बेरीज : 0.4248
कंस : 64.86 अंश

पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर. त्या हिशेबानं एक अंश म्हणजे 111.19 किलोमीटर आणि अंतर 7,212 किलोमीटर. माझं पाठ केलेलं सात हजार दोनशे बरोबर निघालं. पृथ्वी पूर्ण गोल नाही (विषुववृत्तीय त्रिज्या 6,378, ध्रुवीय 6,357), त्यामुळं थोडा फरक पडतो, पण तो अर्ध्या टक्क्याच्या आतला.

तोंडी ताळा करायची एक युक्तीही सांगतो. कंसाच्या एका मिनिटाला समुद्री मैल म्हणतात आणि तो 1.852 किलोमीटरचा असतो. 64.86 गुणिले 60 म्हणजे जवळजवळ 3,892 समुद्री मैल. वैमानिक वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला इतके समुद्री मैल, असा का मोजतात ते इथं कळतं. त्यांचा फूटपट्टीचा आकडा पृथ्वीच्याच अंशांमधून आलेला आहे.

खरी गंमत दोऱ्यात आहे. वाचनालयातल्या गोलावर मुंबई आणि लंडनवर दोन बोटं ठेवून दोरा ताणा. दोरा बरोबर मधोमध कुठं जातो? अक्षांश-रेखांशांच्या सरळ चौकटीच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मध्यबिंदू सीरियाच्या किनाऱ्यावर, लताकियाजवळ येतो. गोलावर मात्र तो 41 उत्तर, 45 पूर्व इथं, म्हणजे जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या जवळ पडतो. नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर सरळ असते.

२. वेग : नऊशे, पण कुणाच्या तुलनेत?

आता नऊशेकडं येऊ. मोठी प्रवासी विमानं साधारण माक 0.85 च्या आसपास उडतात, म्हणजे त्या ठिकाणच्या ध्वनीच्या वेगाच्या 85 टक्के. प्रमाण वातावरणात अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे 56.5 अंश सेल्सियस, म्हणजे 216.65 केल्विन. थर्मोमधलं सूत्र आठवा : ध्वनीचा वेग = वर्गमूळ(1.4 × 287 × 216.65) = सेकंदाला 295 मीटर. त्याचे 85 टक्के म्हणजे 250.8 मीटर, ताशी 903 किलोमीटर. 7,212 भागिले 903 बरोबर 7 तास 59 मिनिटं. शाब्बास! माझं आठ पुस्तकाप्रमाणं बिनचूक होतं.

पण हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नाही. कृष्णेत पोहणाऱ्याला विचारा. प्रवाहाबरोबर हात मारले तर घाट चटकन मागं पडतो, उलट मारले तर तेवढेच हात मारून तो हलत नाही. विमानाचंही तसंच. हवा स्वतःच वाहत असेल तर जमिनीवरचा वेग म्हणजे 903 अधिक किंवा उणे वारा.

आणि त्या उंचीवर वारा थोडाथोडका नसतो. उष्ण कटिबंध तापलेला, ध्रुवाकडचा भाग गार. या फरकामुळं वर दाबाचा उतार तयार होतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं ध्रुवाकडं निघालेली हवा पूर्वेकडं वळते. त्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारे वेगवान झोत बनतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि 1926 साली तो अहवाल एस्परांटो भाषेत छापला. हिवाळ्यात यातला एक झोत उत्तर भारताच्या डोक्यावर असतो आणि त्याच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेग नेहमीच सापडतो. उन्हाळ्यात तो तिबेटच्या उत्तरेला सरकतो.

समजा सगळ्या वाटेवर मिळून सरासरी 80 किलोमीटरचा पश्चिम वारा आहे आणि प्रत्यक्ष वाट 7,500 किलोमीटरची आहे (वाट लांब का, ते पुढं येतंय). मग :

वारा नसताना : 7,500 ÷ 903 = 8 तास 18 मिनिटं
लंडनहून मुंबईला : 7,500 ÷ 983 = 7 तास 38 मिनिटं
मुंबईहून लंडनला : 7,500 ÷ 823 = 9 तास 7 मिनिटं

एकाच वाटेवर, एकाच विमानाला, दीड तासाचा फरक. आता एक बारीक प्रश्न. जाताना गमावलं ते येताना मिळालं, तर जमाखर्च सारखा व्हायला पाहिजे ना? बेरीज करून बघा. वारा नसताना दोन्ही फेऱ्या मिळून 16 तास 37 मिनिटं, वाऱ्यात 16 तास 45 मिनिटं. आठ मिनिटांचा तोटा! कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं आणि पाठीच्या वाऱ्यात कमी. वाऱ्याचा खर्च पूर्ण वसूल कधीच होत नाही. गणितानं सिद्ध करायचं असेल तर छेदात वेगाच्या वर्गातून वाऱ्याचा वर्ग वजा होतो एवढं बघा, उलगडेल.

३. वाट : दोरा ताणला तसं विमान जात नाही

दोऱ्याखाली कोणते देश येतात ते परत बघा. मुंबईहून निघालेला दोरा सिंध आणि बलुचिस्तानवरून इराणमध्ये शिरतो, तिबिलिसीजवळून काळ्या समुद्राकडं जातो आणि तिथून युक्रेनवरून युरोपात उतरतो. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्ताननं आपलं आकाश आधी 2019 मध्ये काही महिने आणि मग एप्रिल 2025 मध्ये पुन्हा भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. म्हणजे भूमितीनं दाखवलेली सर्वात जवळची वाट माणसांनी अडवली की विमानाला वळसा पडतो. त्यात वादळं टाळायची, अनुकूल वारा शोधायचा, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जायचं. म्हणून 7,212 चे 7,500 धरले. एखाद्या दिवशी याहूनही जास्त होतात.

४. उडणं म्हणजे प्रवास नव्हे

विमान रिक्षासारखं जागेवरून सुटून थेट नऊशेनं पळत नाही. धावपट्टीपर्यंत रांगत जायचं, उडायला नंबर लावायचा, वर चढायचं, शेवटी वेग कमी करत उतरायचं. गर्दी असेल तर घिरट्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. हे सगळं धरून पाऊण तास ते सव्वा तास सहज वाढतो. तिकिटावर छापलेला वेळ हा जागेवरून चाकं हलल्यापासून परत जागेवर चाकं थांबेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. आपल्या 7 तास 38 मध्ये हे मिळवा. काकांच्या तिकिटाप्रमाणं तो 8 तास 50 मिनिटं होता. माझ्या आठला आता पन्नास मिनिटं कमी पडली.

पण पन्नास मिनिटांनी कुणाचा अग्नी चुकत नाही. खरी चूक पुढं आहे आणि तिला बृहद्वृत्त लागत नाही, चौथीचं गणित पुरतं.

५. घड्याळ : साडेनऊ कुणाचे?

काका म्हणाले, “रात्री साडेनऊ.” ते लंडनला उभे राहून बोलत होते. मी सोप्यातल्या घड्याळाकडं बघत होतो. आपली वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरते. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून 82.5 भागिले 15 म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. लंडनचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन! मी ज्या वेळी विमान उडालं असं धरलं, त्या वेळी काका अजून विमानतळावर पोचलेही नव्हते. आणि मी पहाटे साडेपाचला त्यांना मुंबईत उतरवलं, तेव्हा ते उडून जेमतेम अडीच तास झाले होते.

तिकीट कसं वाचायचं ते काकांनी दाखवलं :

निघणं 21.30 लंडन, पोचणं 11.50 मुंबई. घड्याळाचा फरक 14 तास 20 मिनिटं. पूर्वेकडं येतोय, म्हणून साडेपाच वजा. उरले 8 तास 50 मिनिटं.

जाताना उलटं. निघणं 13.30 मुंबई, पोचणं 17.50 लंडन. घड्याळाचा फरक फक्त 4 तास 20 मिनिटं! पश्चिमेकडं जातोय, म्हणून साडेपाच अधिक. झाले 9 तास 50 मिनिटं.

सर्वात सुरक्षित रीत अशी : दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात, म्हणजे भारतीय वेळेत किंवा ग्रिनिचच्या वेळेत लिहायच्या आणि मगच वजाबाकी करायची. आणखी एक खाच आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळं एक तास पुढं असतात, तेव्हा फरक साडेपाचचा नाही, साडेचारचा.

६. दारापर्यंत

शेवटी जमीन. विमानातून बाहेर पडणं, पासपोर्टची रांग, गाडी मिळणं : एक तास. एक्स्प्रेस वे, पुणे, सातारा, कराड आणि मग विटा : घाट आणि ट्रॅफिक धरून सव्वासात तास. मी सहा धरले होते, कारण रस्ता गुगलवर निळा दिसतो!

आता खरा हिशेब. पहाटे तीन, अधिक 8 तास 50 मिनिटं, अधिक एक तास, अधिक सव्वासात. रात्रीचे आठ वाजून पाच. काका सव्वाआठला आले. दहा मिनिटांच्या फरकानं उत्तर बरोबर येतं. हा हिशेब आदल्या रात्री कागदावर मांडला असता तर साडेसातलाच कळलं असतं की उद्या दिवस मावळायच्या आत ते पोचत नाहीत. विट्याहून पेटी आली असती, पाहुण्यांना परवा सकाळी या म्हणून सांगितलं असतं आणि थोरल्या मुलाच्या हातून अग्नी झाला असता.

माझं भागाकाराचं उत्तर चुकलं नव्हतं, मित्रांनो. सात हजार दोनशे भागिले नऊशे आजही आठच येतात. चुकलं ते हे की वारा नाही, वळसा नाही, रांग नाही आणि साडेनऊ आपलेच, असा सगळा ‘सुटेबल डेटा’ मी धरला आणि कुणाला सांगितला नाही. मी जर म्हणालो असतो, “तात्या, साडेनऊ इथलेच असतील तर बारा,” तर सोप्यातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं नक्की विचारलं असतं, “आरं, पण तिथं आत्ता दुपार असंल न्हवं?”

ज्यांना हात साफ करायचा आहे त्यांच्यासाठी एक उदाहरण. पुणे विमानतळ 18.58 उत्तर, 73.92 पूर्व. दिल्ली 28.56 उत्तर, 77.10 पूर्व. अंतर काढा. उत्तर 1,150 ते 1,160 किलोमीटरच्या मध्ये आलं पाहिजे. न आल्यास कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे का बघा! आणि वेळ काढताना काय काय धरलं, ते उत्तराच्या आधी लिहा.

तेराव्यानंतर काका परत गेले. दुपारी दीडचं विमान होतं. मी हॉस्टेलला होतो. संध्याकाळी आजीचा फोन आला, “आरं, संध्याकाळी पोचंल म्हणला हुता, पोचला का त्यो?”

मी म्हणालो, “आजी, संध्याकाळ तिथली. आपल्याकडं रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं होतील. वारा कमीजास्त असला तर अर्धा तास इकडंतिकडं. आणि हे मी काकांना विचारून सांगतोय.”

“मग ठीकाय,” आजी म्हणाली, “तवर जागी ऱ्हाते.”

अकरा पस्तीसला काकांचा मेसेज आला : उतरलो.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी